उजळ वाटेचा धावपटू : जिम थॉर्प

शाळेच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा प्रघात आहे. बहुधा हे चरित्र समाजसुधारकाचे, शास्त्रज्ञाचे किंवा साहित्यिकाचे असते. यंदा आम्ही एका खेळाडूचे चरित्र निवडले आहे, आणि तेही साता समुद्रांपलीकडील. अमेरिकेचे जिम थॉर्प हे बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांत व्यावसायिक खेळाडू म्हणून नावाजले गेले. त्याआधी ऑलिंपिकच्या मैदानावर त्यांनी दोन सुवर्णपदके मिळविली होती. परंतु केवळ पराक्रमासाठी आम्ही त्यांची निवड केलेली नाही. थॉर्प हे आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच घरापासून दूर, निवासी शाळेत वाढले. त्या शाळेने त्यांना मैदान दिले, त्यांच्या कीर्तीवर स्वतःचे नाव मोठे केले, आणि त्यांच्यावर बालंट आले तेव्हा हात झटकले. म्हणून हे चरित्र जितके विद्यार्थ्यांनी वाचावे, तितकेच ते शाळा चालविणाऱ्यांनीही वाचावे, असे आम्हांस वाटते.

जन्म आणि बालपण

जिम थॉर्प यांचा जन्म १८८७ साली, आज ओक्लाहोमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात झाला. तो प्रदेश तेव्हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेला मुलूख होता. थॉर्प कुटुंब सॅक अँड फॉक्स या जमातीचे. ही जमात मुळात उत्तरेकडील महासरोवरांच्या परिसरातील. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या रेट्यापुढे एकेक मुलूख सोडत ती दक्षिणेकडे ढकलली गेली होती. वडील हायरम यांच्या अंगात आयरिश आणि सॅक अँड फॉक्स रक्त होते. आई शार्लट ही पोटावाटोमी जमातीच्या आणि फ्रेंच वंशाची. मुलाचे जमातीतील नाव वा-थो-हक. त्याचा अर्थ उजळ वाट असा सांगितला जातो.

ज्या साली जिमचा जन्म झाला, त्याच साली अमेरिकी संसदेने एक कायदा केला. जमातीच्या सामाईक मालकीच्या जमिनीचे तुकडे करून ते एकेका कुटुंबास द्यावेत आणि उरलेली जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी मोकळी करावी, असे त्या कायद्याचे स्वरूप होते. त्यानुसार १८९१ साली सॅक अँड फॉक्स जमातीची उरलेली जमीन खुली झाली आणि ठरलेल्या दिवशी हजारो लोक घोड्यांवरून व गाड्यांतून ती बळकावण्यास धावले. जिम तेव्हा चार वर्षांचा होता. आपली भूमी पायांखालून सरकत असताना या मुलाचे पाय वेगवान होत गेले, ही गोष्ट चरित्रकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे.

जिमला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघे बरोबर पोहत, शिकार करीत, रानात भटकत आणि जमातीच्या शाळेत जात. नवव्या वर्षी चार्ली न्युमोनियाने दगावला. त्यानंतर जिमचे मन शाळेत रमेना. तो पुनःपुन्हा पळून घरी येऊ लागला. वडिलांनी त्याला कॅन्सस राज्यातील हॅस्केल येथील दूरच्या शाळेत पाठविले. तेथेच त्याने प्रथम फुटबॉलचा खेळ पाहिला. पुढे काही वर्षांत आई वारली. १९०४ साली जिम पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत दाखल झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात वडीलही गेले. सतराव्या वर्षी तो सर्वस्वी पोरका झाला होता. त्याला आता शाळेखेरीज घर उरले नव्हते.

कार्लाइलची शाळा

या शाळेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या सेनाधिकाऱ्याने जुन्या लष्करी बराकींत ती सुरू केली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांच्या माणसांपासून दूर आणावे आणि त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात ओतावे, हा तिचा उघड हेतू होता. मूल दाखल होताच त्याचे लांब केस कापले जात. अंगावरची वस्त्रे काढून गणवेश चढविला जाई. जमातीतील नाव टाकून इंग्रजी नाव दिले जाई. मातृभाषेत बोलण्यास बंदी होती. दिवसाचा अर्धा भाग वर्गात आणि अर्धा भाग सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, छपाई अशा कामांत जाई. सुटीत घरी न पाठविता मुलांना आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे व शेतांवर अल्प वेतनावर कामाला ठेवले जाई. जिमनेही अशी शेतमजुरी केली.

अनेक मुले तेथे आजारी पडली. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून अधिक कबरी होत्या, आणि एकविसाव्या शतकात काही जमातींनी आपल्या लेकरांचे अवशेष तेथून मायभूमीत नेले आहेत. असे असूनही त्या बराकींत मुलांनी एकमेकांचा आधार शोधला, मैत्री केली, आणि खेळाच्या मैदानावर ती मनमोकळी वावरली. मुलांचे सर्व काही काढून घेतलेल्या शाळेत मैदान तेवढे त्यांच्या वाट्याला आले होते.

मैदानावरील जिमच्या प्रवेशाची कथा सर्वत्र सांगितली जाते. १९०७ च्या वसंतात एका संध्याकाळी तो कामाच्या जाड कपड्यांत मैदानाजवळून चालला होता. तेथे शाळेचे उंच उडीचे खेळाडू सराव करीत होते आणि आडवी काठी त्यांना पार होत नव्हती. जिमने विचारणा केली, आणि आहे त्या कपड्यांत, कसलीही तयारी नसताना, तो सुमारे पावणेसहा फुटांवरील ती काठी ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी शाळेचे क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतले. मैदानी खेळांतील एवढा गुणी मुलगा फुटबॉलसारख्या धसमुसळ्या खेळात जायबंदी होऊ नये, अशी वॉर्नर यांची इच्छा होती. परंतु जिमने हट्ट धरला आणि तो फुटबॉलच्या संघातही आला.

अमेरिकन फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा आहे. लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांना चुकवीत, ढकलीत, त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यावयाचा, अथवा दोन खांबांमधून लाथाडून पार करावयाचा, असे त्याचे ढोबळ रूप. कबड्डीतील चपळाई आणि कुस्तीतील बळ एकत्र आणावे, तसा हा खेळ. जिमकडे दोन्ही होते. तो धावे, चेंडू लाथाडी, फेकी, आणि प्रतिस्पर्ध्याला अडवीही.

१९११ साली कार्लाइलच्या संघाने हार्वर्ड या बलाढ्य विद्यापीठाला १८ विरुद्ध १५ गुणांनी हरविले. त्या सामन्यात जिमचा पाय दुखावलेला होता आणि त्यावर पट्ट्या बांधलेल्या होत्या. तरीही त्याने खांबांमधून चार वेळा चेंडू पार करून १८ पैकी १२ गुण एकट्याने मिळविले. पुढील वर्षी, १९१२ मध्ये, गाठ पडली ती अमेरिकी लष्कराच्या वेस्ट पॉइंट येथील अकादमीशी. मूळ रहिवाशांवरील शेवटचे मोठे हत्याकांड वुन्डेड नी येथे १८९० साली झाले होते. म्हणजे त्या घटनेस जेमतेम बावीस वर्षे लोटली होती. ज्या सैन्याने त्यांच्या वडीलधाऱ्यांवर बंदुका रोखल्या, त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर उभे होते. कार्लाइलने तो सामना २७ विरुद्ध ६ असा जिंकला. पराभूत संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९११ आणि १९१२ या दोन्ही वर्षी जिमची निवड देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या संघात झाली.

स्टॉकहोमचे वैभव

या दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. पेंटॅथलॉन म्हणजे पाच क्रीडाप्रकारांची आणि डेकॅथलॉन म्हणजे दहा क्रीडाप्रकारांची एकत्रित स्पर्धा. थॉर्प यांनी दोहोंत भाग घेतला. पेंटॅथलॉनमध्ये लांब उडी, २०० मीटर धावणे, थाळीफेक आणि १५०० मीटर धावणे या चार प्रकारांत ते पहिले आले. केवळ भालाफेकीत तिसरे. नॉर्वेचे फर्डिनांड बी हे दुसरे आले.

डेकॅथलॉन त्या वर्षी तीन दिवस चालली. या स्पर्धेच्या दिवसांत थॉर्प यांचे बूट नाहीसे झाले आणि मिळतील ते दोन विजोड बूट घालून ते मैदानात उतरले, असे सांगितले जाते. त्या वेळच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्या पायांत दोन निरनिराळे बूट व मोजे स्पष्ट दिसतात. दहाही प्रकारांत ते पहिल्या चारांमध्ये राहिले. गोळाफेक, उंच उडी, अडथळ्यांची शर्यत आणि सर्वांत शेवटी, सारे थकलेले असताना, १५०० मीटरची धाव त्यांनी जिंकली. त्यांचे ८,४१२ गुण झाले. दुसरे आलेले स्वीडनचे ह्यूगो विसलँडर त्यांच्या जवळजवळ ७०० गुण मागे होते. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी पारितोषिके दिली आणि थॉर्प यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. रशियाच्या झारकडून चांदीची नौका मिळाली. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून त्यांची मिरवणूक निघाली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या देशाचा ध्वज थॉर्प यांच्या विजयामुळे स्टॉकहोममध्ये उंचावला, त्या देशाने मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा १९२४ साली केला. स्टॉकहोमनंतर बारा वर्षांनी.

पदके हिरावली गेली

जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने बातमी छापली की, थॉर्प यांनी १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किरकोळ संघांतून पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. बातमी खरी होती. मिळालेली रक्कम क्षुल्लक होती. पोटापुरतीच म्हणावी अशी. परंतु त्या काळी ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, आणि कोणत्याही खेळासाठी एक पैसा घेतला तरी खेळाडू हौशी उरत नसे.

हा नियम कोणी केला आणि कोणास तो सोयीचा होता, याचा विचार करावयास हवा. ज्याच्या घरी शेतवाडी, गिरणी वा पेढी आहे, त्याला खेळासाठी पैसे घेण्याची गरज पडत नाही. तो सहजच हौशी राहतो. ज्याचे आईबाप वारले आहेत, ज्याची जमीन गेली आहे, त्याला उन्हाळ्यात काही ना काही कमवावेच लागते. शेतात राबून मजुरी घेतली तर चालत असे. चेंडू झेलून घेतली तर तो दोष ठरे. त्या काळी महाविद्यालयांतील पुष्कळ मुले अशाच संघांतून खेळत, मात्र खोट्या नावाने. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळले आणि म्हणूनच सापडले.

थॉर्प यांनी अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेस पत्र लिहून सारे कबूल केले आणि आपण नियमांविषयी अजाण होतो, असे कळविले. त्यांचे शिक्षक वॉर्नर आणि शाळेचे मुख्याधिकारी मोझेस फ्रीडमन या दोघांनी आपणांस यातील काहीच ठाऊक नव्हते, अशी भूमिका घेतली. दोन वर्षे आपला उत्तम खेळाडू शाळेत नव्हता, तो कोठे होता, याची शाळेला वार्ता नसावी, हे पटणे कठीण आहे. पदके व पारितोषिके परत मागविण्यात आली. थॉर्प यांचे नाव विजेत्यांच्या यादीतून खोडले गेले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना पहिले घोषित करण्यात आले.

या निर्णयात आणखी एक अन्याय होता. एखाद्या खेळाडूच्या पात्रतेविषयी तक्रार स्पर्धेनंतर तीस दिवसांच्या आत नोंदविली पाहिजे, असा स्टॉकहोमच्या स्पर्धांचाच नियम होता. बातमी आली ती सहा महिन्यांनी. थॉर्प यांच्याविरुद्ध एक नियम काटेकोरपणे लावला गेला आणि त्यांच्या बाजूचा दुसरा नियम कोणी उघडूनही पाहिला नाही. तो पाहण्याचे काम ज्यांचे होते, ती त्यांचीच शाळा आणि त्यांचीच संघटना गप्प राहिली.

१९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने कार्लाइलच्या कारभाराची चौकशी केली. फुटबॉलच्या सामन्यांतून आलेल्या पैशाचा विनियोग, मुलांना दिली जाणारी वागणूक यांविषयी विद्यार्थ्यांनी स्वतः तक्रारी केल्या होत्या. फ्रीडमन यांना पद सोडावे लागले. १९१८ साली ती शाळा बंद झाली.

दोन खेळांचा एक खेळाडू

हौशीपण गेले, तेव्हा थॉर्प यांनी उघडपणे व्यावसायिक खेळाडू होण्याचे ठरविले. १९१३ साली त्यांनी न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉलच्या विख्यात संघाशी करार केला. त्या हिवाळ्यात दोन अमेरिकी संघ जगाच्या सफरीवर निघाले. परदेशांत लोकांची गर्दी जमे ती ऑलिंपिकवीर थॉर्प यांना पाहण्यासाठी.

जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी मात्र त्यांना पहिल्या हंगामांत फारसे खेळविले नाही. बराच काळ ते बाकावर बसून राहिले. वळणारा चेंडू थॉर्प यांना टोलविता येत नाही, असा एक समज पसरला आणि तो आजही पुस्तकांतून आढळतो. आकडे निराळे बोलतात. १९१३ ते १९१९ या काळात न्यूयॉर्क, सिनसिनाटी आणि बॉस्टन या संघांकडून ते पहिल्या दर्जाचे २८९ सामने खेळले आणि त्यांची फलंदाजीची सरासरी .२५२ राहिली. १९१९ साली, पुरेशी संधी मिळाली तेव्हा, ती .३२७ होती. बेसबॉलमध्ये .३०० ची सरासरी उत्तम मानली जाते, हे येथे सांगितले पाहिजे.

मे १९१७ मधील एका सामन्याचा उल्लेख बेसबॉलच्या इतिहासात नेहमी होतो. सिनसिनाटी आणि शिकागो यांच्या त्या लढतीत दोन्ही गोलंदाजांनी नऊ डावांपर्यंत प्रतिपक्षाला एकही यशस्वी टोला मारू दिला नाही. दहाव्या डावात सिनसिनाटीची एकमेव आणि निर्णायक धाव आली ती थॉर्प यांच्या फटक्यावर.

उन्हाळा बेसबॉलचा, तर शरद ऋतू फुटबॉलचा. १९१५ साली ओहायो राज्यातील कँटन बुलडॉग्ज या फुटबॉल संघाने त्यांना सामन्यास २५० डॉलर देऊन आपल्याकडे घेतले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती. व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. कारखान्यांच्या गावांत हजार-बाराशे प्रेक्षकांपुढे हा खेळ चाले. थॉर्प यांच्या पदार्पणाच्या सामन्याला सुमारे आठ हजार लोक लोटले. १९१६, १९१७ आणि १९१९ या वर्षी कँटनचा संघ अजिंक्य ठरला. म्हणजे ज्या वर्षांत ते बेसबॉलच्या पहिल्या दर्जाच्या संघातून खेळत होते, त्याच वर्षांत फुटबॉलच्या मैदानावर ते देशातील अग्रगण्य खेळाडू होते. शरीराला विश्रांती अशी नव्हतीच. एक हंगाम संपे तो दुसरा उभा राही.

सप्टेंबर १९२० मध्ये कँटन येथील एका मोटारगाड्यांच्या दुकानात निरनिराळ्या संघांचे प्रतिनिधी जमले. बसण्यास खुर्च्या पुरेनात, म्हणून काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर बसले. तेथे व्यावसायिक फुटबॉलची संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष म्हणून थॉर्प यांची निवड करण्यात आली. पुढील वर्षी कारभार दुसऱ्याकडे गेला. थॉर्प यांचा पिंड कचेरीचा नव्हता. परंतु ज्या संघटनेला लोकांनी गंभीरपणे घ्यावे म्हणून त्यांचे नाव अग्रभागी लावले गेले, तीच १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते आणि आज ती जगातील अत्यंत धनाढ्य क्रीडासंघटनांपैकी एक आहे.

१९२२ आणि १९२३ या दोन हंगामांत थॉर्प यांनी ओरँग इंडियन्स या संघाचे नेतृत्व केले. या संघातील सर्व खेळाडू मूळ रहिवासी होते. संघाचा मालक शिकारी कुत्र्यांचा व्यापारी होता आणि आपल्या कुत्र्यांची जाहिरात व्हावी, हा त्याचा मुख्य हेतू होता. मध्यंतरात खेळाडूंना विश्रांती घेऊ न देता, जमातींचे नाच आणि कुत्र्यांचे खेळ प्रेक्षकांना दाखविण्यास लावले जाई. खेळाडूंनी ते केले, कारण त्यावर पगार अवलंबून होता. एका बाजूस स्वतःच्या माणसांचा स्वतंत्र संघ आणि दुसऱ्या बाजूस त्यांचे असे प्रदर्शन, हे दोन्ही त्या अनुभवात एकत्र होते.

थॉर्प यांनी शेवटचा सामना १९२८ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, शिकागो कार्डिनल्सकडून खेळला.

उतरती वाट

खेळ संपला आणि त्याबरोबर मिळकतही. तोच महामंदीचा काळ होता. थॉर्प कॅलिफोर्नियात आले आणि चित्रपटांत किरकोळ भूमिका करू लागले. मूळ रहिवाशांच्या भूमिका मूळ रहिवाशांनाच द्याव्यात, रंग फासलेल्या गोऱ्या नटांना नव्हेत, यासाठी त्यांनी आग्रह धरला. काम मिळेना तेव्हा त्यांनी कुदळ-फावडे घेऊन खणण्याची मजुरी केली. दारवान, कारखान्यातील पहारेकरी, व्यापारी जहाजावरील कामगार, अशी कामे त्यांनी केली. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा तिकीट काढण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नाहीत, असे वृत्त पसरले. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस, जे स्वतः कॉ जमातीचे वंशज होते, त्यांनी थॉर्प यांना आपल्यासमवेत बसविले आणि उपस्थित जनसमुदायाने उभे राहून त्यांचे स्वागत केले.

त्यांच्या उणिवा लपविण्याचे कारण नाही. मद्याने त्यांचे मोठे नुकसान केले. पैसा हाती आला तसा गेला. त्यांचे तीन विवाह झाले आणि त्यांपैकी दोन मोडले. पहिला मुलगा लहानपणीच वारला, आणि ते दुःख त्यांना फार लागले, असे त्यांना ओळखणारे सांगत. आमच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीही वाचाव्यात. व्यसन पराक्रम पाहून दूर राहत नाही. आणि ज्याच्या पाठीशी घर व समाज उभा नसतो, त्याला ते लवकर गाठते.

१९५० साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडापत्रकारांचा कौल घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून थॉर्प यांची निवड झाली. बेसबॉलचा सम्राट मानला गेलेला बेब रूथ मतांत त्यांच्या बराच मागे राहिला. १९५१ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्याच वर्षी त्यांच्या ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि ती धर्मादाय मदतीने करावी लागली. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात, चाकांवरील एका लहानशा घरात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरही त्यांची परवड थांबली नाही. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने अंत्यविधी चालू असताना त्यांच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तेथून हलविले. पुढे पेनसिल्व्हेनियातील दोन लहान गावांनी एकत्र होऊन स्वतःला जिम थॉर्प हे नाव दिले आणि तेथे त्यांचे स्मारक उभारून देह त्यात ठेवला. वडिलांना मायभूमीत परत आणावे, म्हणून मुलांनी न्यायालयाचे दार ठोठावले. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरविला, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ज्या राज्यातील शाळेत ते परके म्हणून आणले गेले, त्याच राज्यात ते आजही आहेत.

न्याय, एकशे दहा वर्षांनी

पदकांचा लढा मात्र त्यांच्या मुलांनी आणि चाहत्यांनी सोडला नाही. १९७३ साली अमेरिकेच्या हौशी संघटनेने त्यांचे हौशीपण मान्य केले. त्यानंतर अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांतून तो तीस दिवसांचा नियम शोधून काढला. १९८२ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निर्णय बदलला आणि जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती थॉर्प यांच्या मुलांकडे सुपूर्द केल्या. परंतु तेव्हाही त्यांना संयुक्त विजेते म्हटले गेले. १५ जुलै २०२२ रोजी, म्हणजे डेकॅथलॉनच्या अंतिम दिवसाला बरोबर ११० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, समितीने दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून थॉर्प यांचे नाव नोंदविले. विसलँडर यांनी आपल्याकडे आलेले सुवर्णपदक कधीच मनापासून स्वीकारले नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी त्या वेळी कळविले. खरे कोण जिंकले, हे मैदानावरच्या प्रतिस्पर्ध्याला पहिल्यापासून ठाऊक होते. कार्यालयांना ते मान्य करण्यास एक शतक लागले.

जिम थॉर्प यांच्या जीवनातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? विजोड बूट मिळाले तरी शर्यत सोडू नये, हे तर आहेच. आपले नाव लपवू नये, हेही आहे. खोट्या नावाने खेळलेले सुटले आणि त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. परंतु त्याहून मोठा धडा शाळांनी घ्यावयाचा आहे. मुलाचे नाव, भाषा आणि माणसे त्याच्यापासून तोडून त्याला घडविता येत नाही. त्याने मिळविलेली ढाल कचेरीत मांडून शाळेचे काम पुरे होत नाही. तो सुटीत कोठे राहतो, काय खातो, कोणाकडे राबतो, याची विचारपूस शाळेने करावयाची असते. कोणता नियम त्याच्याविरुद्ध आहे आणि कोणता त्याच्या बाजूने, हे त्याच्यासाठी शाळेनेच वाचून पाहावयाचे असते. आणि त्याच्यावर आरोप आला, तर आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे न म्हणता त्याच्याशेजारी उभे राहावयाचे असते.

आमच्या वसतिगृहातून दर वर्षी काही मुले जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मैदानांवर जातात. त्यांतील पुष्कळांच्या घरी दुसरा कमावता हात नसतो, आणि त्यांच्यासाठी कागदपत्रे पाहणारेही कोणी नसते. त्या मुलांबरोबर मैदानावर जाणाऱ्या शिक्षकाने, कार्यालयात बसणाऱ्या लिपिकाने आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाने वा-थो-हक या मुलाची आठवण ठेवावी, एवढ्यासाठी आम्ही हे चरित्र येथे दिले आहे.